कणसातली काजळी आणि पिंपरीची माती

ज्वारीचे कणीस बाहेर पडून दाणा भरू लागला म्हणजे माझे वडील सकाळच्या कोवळ्या उन्हात बांधाबांधाने हिंडत आणि मधूनच एखादे कणीस वाकवून त्यातला दाणा दोन बोटांत चिरडून पाहत. दाण्यातून दूध निघाले तर काही न बोलता पुढे जात. पण बोटे काळी झाली, म्हणजे दाण्याच्या जागी पांढुरक्या पापुद्र्यात बांधलेली काजळीची पुडी निघाली, तर ‘काणी पडली’ एवढे दोनच शब्द उच्चारून धोतराच्या सोग्याला बोटे पुसत. चिखलीच्या, जुन्या माणसांच्या तोंडी टाळगाव चिखलीच्या, त्या काळ्या रानात काणी ही गारपिटीसारखी वरून येणारी गोष्ट समजली जात असे; ती बियाण्याच्या अंगाला चिकटून आपल्याच कणगीतून शेतात जाते आणि आपणच ती आपल्या हाताने पेरतो, हे सांगणारा माणूस आमच्या आळीत यायला फार उशीर लागला. आता तो येऊनही उपयोग नाही, कारण ज्या रानात काणी पडायची ते रानच उरले नाही. १९९७ साली गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत गेले, कुदळवाडीच्या अंगाला भंगाराची गोदामे उभी राहिली, जाधववाडीला इमारती आल्या, आणि सातबाऱ्यावर ‘जिरायत’ हा शब्द तेवढा जुन्या पाहुण्यासारखा बसून राहिला.

हे घरगुती प्रकरण प्रस्तावनेच्या आरंभी काढण्याचे कारण असे की, ज्या शास्त्रज्ञाच्या संशोधनजीवनाची हकीकत या पुस्तकात आली आहे, त्या मंडयम् जीरसन्निधी थिरुमलाचार यांनी आयुष्याचा पूर्वार्ध याच काजळीच्या, म्हणजे काणी आणि तांबेरा या दोन कुळांतील बुरशींच्या, अभ्यासात घालविला होता. आणि उत्तरार्धात ते आमच्या शिवेपासून हाकेच्या अंतरावर, पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये येऊन बसले होते. त्या कारखान्याला आम्ही एच. ए. म्हणत असू. तेथील भोंग्यावर आमच्या घरची घड्याळे लागत, गावातली पोरे तेथे कामाला जात. परंतु त्या कुंपणाच्या आत असा एक मनुष्य आहे की ज्याला वडिलांच्या बोटांवरची काळी पूड सूक्ष्मदर्शकाखाली दाखविली असती तर त्याने तिचे जातगोत सांगितले असते, याची आम्हांला वार्ता नव्हती. ते म्हैसूरकडचे, जन्म १९१४ चा. मराठी वाचकाने त्यांच्याविषयी काही वाचले असण्याचा संभव थोडा, आणि या पुस्तकाची पहिली गरज तीच आहे.

वनस्पतींना रोग होतात ही गोष्ट माणसाला शेतीइतकीच जुनी ठाऊक आहे, आणि आपल्या शेतकऱ्यांनी त्या रोगांना दिलेली नावे पाहिली तर त्यांच्या निरीक्षणाचे नवल वाटते. गव्हाच्या पानावर लोखंडाला गंज चढावा तसे फोड आले तर तांबेरा किंवा गेरवा. द्राक्षाच्या पानावर राख उडाल्यासारखे दिसले तर भुरी. लिंबाच्या खोडातून डिंक वाहू लागला तर डिंक्या. रब्बी ज्वारीची ताटे आतून पोकळ होऊन वाऱ्यावर वाजू लागली तर खडखड्या. आणि बाजरीचे कणीस दाणे धरायचे सोडून हिरव्या पानांच्या जटा वाढवू लागले तर गोसावी. काणीचे तर चार भेद त्यांनी केले होते: दाणे काणी, मोकळी काणी, लांब काणी, झिपरी काणी. पुढे शास्त्रज्ञांनी ज्वारीवरील काणीच्या चार निरनिराळ्या बुरशी ओळखल्या, तेव्हा शिवारातली विभागणी आणि प्रयोगशाळेतली विभागणी एकमेकींशी तंतोतंत जुळली. उणीव राहिली ती कारणाची. लक्षण अचूक टिपले गेले, कारण मात्र हवेवर, दृष्टीवर, नाहीतर दैवावर सोपविले गेले.

या बाबतीत युरोप आपल्या फारसा पुढे नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथील विद्वानही असेच मानीत की, झाड आधी आजारी पडते आणि त्याच्या विकारातून बुरशी उत्पन्न होते. म्हणजे बुरशी हे रोगाचे कार्य, कारण नव्हे. १८४५ नंतर आयर्लंडात बटाट्याचे पीक करप्याने लागोपाठ नासले आणि लक्षावधी माणसे भुकेने मेली किंवा देशोधडीला लागली, तेव्हाही हा वाद मिटलेला नव्हता. तो मिटविला हाइनरिख आंतोन दे बारी या जर्मन शास्त्रज्ञाने. १८५३ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, काणी आणि तांबेऱ्याच्या बुरशींवर ग्रंथ लिहून त्याने कार्यकारणाची ही उलटी मांडणी सुलट केली, आणि पुढे बटाट्याच्या करप्याची बुरशी निरोगी पानावर सोडून रोग उत्पन्न होतो हे दाखविले. जिला आपण वनस्पतिरोगशास्त्र म्हणतो ती विद्या येथून पुढची. मात्र उपाय नेहमी शास्त्राच्या मागून येतो असेही नाही. फ्रान्समध्ये बोर्डो प्रांतात वाटसरूंनी रस्त्याकडेची द्राक्षे चोरू नयेत म्हणून मळेवाले त्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडीत; त्याच वेली केवडा या रोगापासून वाचलेल्या दिसल्या, आणि १८८५ मध्ये प्राध्यापक मिलार्दे यांनी ते मिश्रण जगापुढे ठेवले. चोरांच्या भीतीतून निघालेले हे औषध कोकणातील सुपारीच्या बागांत कोळेरोगावर आजही चालते.

हिंदुस्थानात या विद्येचा पाया एडविन जॉन बटलर यांनी घातला. ते १९०१ साली येथे आले, पुढे बिहारातील पुसा येथे त्यांचे ठाणे पडले, आणि १९१८ मध्ये त्यांचा बुरशी व वनस्पतिरोग यांवरील ग्रंथ निघाला, जो पुढच्या दोन पिढ्यांचा पाठ्यग्रंथ झाला. मुंबई इलाख्याची परंपरा या प्रवाहाला समांतर आणि काहीशी स्वतंत्र चालली, आणि तिची नोंद मराठीत जवळजवळ नाहीच, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबतो. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयात ग. सी. कुलकर्णी यांनी इलाख्यातील ज्वारीच्या काणीचा अभ्यास केला आणि बी मोरचुदाच्या पाण्यात भिजवून पेरण्याची शिफारस सरकारी शेतकी खात्यामार्फत गावोगाव गेली. श्रीपाद लक्ष्मण आजरेकरांनी १९२६ साली ज्वारीच्या फुलोऱ्यातून गळणाऱ्या मधाळ चिकट्याचे कारण असलेल्या बुरशीवर आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. बी. एन. उप्पल यांनी वेस्टन या अमेरिकन सहकाऱ्याबरोबर १९३२ मध्ये ज्वारीच्या केवड्याचा सूक्ष्मजीव ही स्वतंत्र जाती असल्याचे सिद्ध केले. म. क. पटेल यांनी बुरशी सोडून वनस्पतींच्या जिवाणूजन्य रोगांचे नवेच दालन पुण्यात उघडले. आणि १९४६ साली शं. पु. आघारकरांनी महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापिल्यावर तेथे मा. ना. कामतांच्या हाताखाली कवकशास्त्राची जी शाखा वाढली, तिच्या संग्रहालयाला आजरेकरांचे नाव दिलेले आहे. वाळविलेली रोगट पाने कागदी पाकिटांत, तारीख, गाव आणि यजमान वनस्पती यांच्या नोंदीसह, तेथे दप्तरासारखी बांधून ठेवलेली आहेत. महाराष्ट्रात कोणत्या झाडावर कोणती बुरशी आढळते याची कामत आणि सहकाऱ्यांनी केलेली फेरिस्त १९७१ मध्ये राहुरीच्या विद्यापीठाने छापली. अशा याद्या कोणी वाचीत नाही, हे मला मान्य आहे. पण जमिनीच्या तंट्यात जे मोल जुन्या कुलकर्णी-दप्तराचे, तेच रोगाच्या तंट्यात या याद्यांचे. निकालाच्या दिवशी सर्वांना त्यांच्याकडे धाव घ्यावी लागते.

थिरुमलाचारांच्या आयुष्याशी ज्यांचा सर्वांत जवळचा संबंध आला ते भालचंद्र भवानीशंकर मुंडकूर हेही याच काणीचे अभ्यासक. भारतीय वनस्पतिरोगशास्त्र परिषद १९४७ मध्ये उभी राहिली ती मुख्यतः त्यांच्या खटपटीने. तरुण थिरुमलाचारांनी १९४४ साली काणीच्या एका नव्या प्रजातीला ‘मुंडकुरेल्ला’ असे नाव दिले. पुढे दोघांनी मिळून तांबेऱ्यांच्या प्रजातींवर लेखमाला लिहिली, आणि भारतातील काणी-बुरशींचा त्यांचा संयुक्त ग्रंथ १९५२ साली इंग्लंडातील क्यू येथून प्रसिद्ध झाला. मुंडकूर त्याच वर्षी निवर्तले. शास्त्रज्ञांच्या जगात स्मारके दगडाची नसतात, ती अशी एखाद्या काळ्या पुडीच्या नावात असतात; पुढे थिरुमलाचारांच्याही नावाची एक बुरशी झाली.

या विद्येच्या शाखा कोणत्या, हे नवख्या वाचकाला ठाऊक असावे; पण मी त्या भराभर सांगून पुढे जाणार आहे, कारण पुस्तकात त्यांना पुरेशी जागा आहे. पहिली शाखा नामकरणाची. दुसरी रोगाच्या प्रवासाची: आग्र्याच्या करमचंद मेहतांनी दाखविले की, मैदानातल्या उन्हाळ्यात गव्हाचा तांबेरा जगू शकत नाही, तो डोंगरावर तग धरतो आणि वाऱ्याबरोबर पुन्हा खाली उतरतो; महाबळेश्वरासारख्या थंड हवेच्या ठिकाणी गहू गेरवा संशोधन केंद्र का असावे, याचे उत्तर त्यात आहे. तिसरी शाखा प्रतिकारक वाणांची, चौथी औषधांची, आणि पाचवी, अलीकडे जोर धरलेली, एका बुरशीवर दुसरी बुरशी सोडण्याची, जिच्यामुळे ट्रायकोडर्मा हा शब्द हरभऱ्याच्या मर रोगाबरोबर खेडोपाडी पोहोचला. या शाखांत उच्चनीच मानण्याची खोड विद्वानांतही आहे. नावे ठेवणारा तो कारकून आणि औषध काढणारा तो शास्त्रज्ञ, असा एक समज रूढ आहे, आणि थिरुमलाचारांच्या चरित्रापुढे तो टिकत नाही.

कारण ते पिंपरीला आले ते काणी-तांबेऱ्याचा माणूस म्हणूनच. म्हैसूरच्या मुलखातील रानावनांतून नमुने गोळा करण्यापासून त्यांनी आरंभ केला. अमेरिकेत डिक्सन यांच्याबरोबर काणीच्या बीजाणूंच्या अंकुरणावर काम केले. परत आल्यावर बिहारात बटाट्याच्या कोळशी कुजीचा अभ्यास केला, आणि ही कूज करणारी बुरशी तीच, जी आपल्याकडे सोलापूर-नगरच्या ज्वारीला खडखड्या करते. पिंपरीचा कारखाना १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने स्थापन झाला आणि पुढल्या वर्षी तेथे पेनिसिलीन निघू लागले. वनस्पतींच्या रोगाचा अभ्यासक माणसांच्या औषधाच्या कारखान्यात कशाला, असे कोणी विचारील. परंतु पेनिसिलीन हे स्वतःच एका बुरशीचे देणे आहे. ज्या वाणावर त्याचे मोठे उत्पादन उभे राहिले तो १९४३ मध्ये अमेरिकेतील पिओरिया गावी एका नासक्या खरबुजावर सापडला, आणि त्याच कुळातल्या दुसऱ्या बुरशी संत्र्यामोसंब्यांवर निळाहिरवा बुरा आणतात. फळाचा रोग आणि माणसाचे औषध यांच्यामध्ये भिंत आहे ती विद्यापीठांच्या खात्यांत. निसर्गात ती नाही.

पिंपरीच्या संशोधनशाळेत मातीचे नमुने येत, आणि त्यांतून स्ट्रेप्टोमायसीस कुळातील सूक्ष्मजीव वेगळे काढून त्यांचा बुरशींवर काय परिणाम होतो ते पाहिले जाई. या कुळाच्या नावात बुरशी आहे, पण ते बुरशी नव्हेत, जिवाणू आहेत. तंतू पसरून, टोकाला बीजाणूंच्या माळा धरून ते बुरशीसारखे दिसतात एवढेच. मृगाच्या पहिल्या सरीनंतर जो मातीचा वास येतो, तो बराचसा यांच्या अंगचा. त्यांच्या जाती ओळखायच्या त्या या माळांच्या वळणावरून, रंगावरून, पोतावरून. आणि ज्याने वीस वर्षे काणीच्या बीजाणूंचे पापुद्रे मोजले त्याचीच नजर या कामी लागते. पिंपरीत सापडलेल्या एका जातीला त्यांनी ‘स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना’ हे नाव दिले, आणि तिच्यापासून निघालेले बुरशीनाशक प्रतिजैविक हॅमायसिन या नावाने १९६१ मध्ये जाहीर झाले. त्याच जातीतून मिळालेल्या आणखी एका द्रव्याला पिंप्रिनीन म्हणतात. पुढे डर्मोस्टॅटिन हे प्रतिजैविक आले. ज्या बुरशीतून अँटिअमीबिन हे आणखी एक प्रतिजैविक निघाले तिच्या नावात पुणे आहे. व्हर्जिनियातील एका शेतमालकाचे नाव निस्टॅटिन हे बुरशीनाशक देणाऱ्या सूक्ष्मजीवाला मिळाले हे जगभर सांगितले जाते. आमच्या पिंपरीचे नाव तसेच जगाच्या नोंदवहीत चढले आहे, हे पिंपरीला ठाऊक नाही.

हॅमायसिनची करामत थोडक्यात अशी. बुरशीच्या पेशीभोवतीच्या पडद्यात अर्गोस्टेरॉल नावाचे द्रव्य असते. हे प्रतिजैविक नेमके त्यालाच जाऊन बिलगते, पडदा झिरपू लागतो आणि पेशीतला ऐवज बाहेर गळून जातो. माणसाच्या पेशीत त्या जागी कोलेस्टेरॉल असते, म्हणून माणूस वाचतो. पण दोहोंत साम्य पुरते नाहीसे नाही, म्हणूनच ही औषधे माणसाला देताना वैद्याला जपून वागावे लागते. गंमत अशी की अर्गोस्टेरॉल हे नाव अर्गट या तृणधान्यांवरील रोगावरून पडलेले आहे, म्हणजे आजरेकरांच्या चिकट्याच्या भावकीवरून. शेतातला रोग, प्रयोगशाळेतले द्रव्य आणि रुग्णालयातले औषध यांची गाठ अशी एका शब्दात बसलेली सापडते.

१९६४ साली थिरुमलाचार, रहाळकर, सुकापुरे आणि गोपालकृष्णन यांनी ऑरिओफंजिन जाहीर केले आणि त्याबरोबर ते पुन्हा शिवारात परतले असे म्हणता येईल, कारण हे प्रतिजैविक मुख्यतः पिकांसाठी वापरात आले. झाडाने ते शोषून अंगात खेळवावे, हा त्याचा विशेष. द्राक्षाची भुरी आणि भुईमुगाचा टिक्का यांवर त्याच्या शिफारशी पाठ्यपुस्तकांत आहेत. पण मला सर्वांत हृद्य वाटते ती तंजावरच्या नारळाची. तेथे मुळे कुजविणाऱ्या बुरशीने माडच्या माड सुकत. तेव्हा एका कोवळ्या जिवंत मुळाचे टोक कापून ते २ ग्रॅम ऑरिओफंजिन आणि १ ग्रॅम मोरचूद घातलेल्या १०० मिलिलिटर पाण्यात बुडवून ठेवायचे, म्हणजे माड ते पाणी ओढून घेतो. बोर्डोचे मोरचूद आणि पिंपरीचे प्रतिजैविक एका पिशवीत.

आता, आजच्या वाचकाने हे का वाचावे? २०२१ च्या उन्हाळ्यात कोरोनातून उठलेल्या माणसांना ‘काळी बुरशी’ झाली आणि अॅम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी पुणे जिल्ह्यात नातेवाईक रात्रीबेरात्री दारोदार हिंडले. माझ्या भाच्यासाठी आम्हीही हिंडलो. ते औषध हॅमायसिनच्याच घराण्यातले. रांगेत उभे असताना मला हे ठाऊक नव्हते की या घराण्याचे एक नाव मी जेथे उभा होतो तेथून चार मैलांवरच्या मातीचे आहे. दुसरे कारण शेतीतले. डाळिंबाच्या तेल्यावर आपल्या शेतकऱ्याने वर्षानुवर्षे स्ट्रेप्टोसायक्लिनच्या पुड्या फवारल्या. तो मालही पिंपरीचाच. आता माणसांची प्रतिजैविके निष्प्रभ होऊ नयेत म्हणून त्यांच्या शेतीतील वापरावर केंद्र सरकारने मनाई आणली आहे, आणि ती योग्यच आहे असे माझे मत आहे. मात्र पर्याय हाती न देता नुसता हुकूम काढला की त्याचे काय होते, हे तलाठ्यापासून मंत्र्यापर्यंत सर्वांना माहीत असते. मावळात पॉलिहाऊसमधील गुलाबावर भुरी आणि केवडा आहे, चाकणच्या बाजारात येणाऱ्या कांद्यावर करपा आहे, आणि बुरशीनाशकांना सरावलेल्या बुरशी दरवर्षी वाढत आहेत. नवे औषध शोधणाऱ्याला पुन्हा मातीकडेच जावे लागेल, आणि आमच्याकडची माती तर सिमेंटखाली गेली.

प्रस्तुत ग्रंथाचे लेखक वनस्पतिरोगांचे अध्यापक होते, आणि त्यांनी थिरुमलाचारांचे रूढ अर्थाने चरित्र लिहिलेले नाही. कौटुंबिक प्रसंग, मानसन्मान, मानापमान यांना त्यांनी जागा दिली नाही. नायकाची उत्तर हयात, त्यांचे अमेरिकेत जाणे, तेथील संस्था आणि १९९९ मधील निधन हे सर्व एका प्रकरणात आटोपले आहे. लेखकांनी पाठलाग केला आहे तो नजरेचा: एकच दृष्टी पानावरून मातीत, मातीतून चंबूत आणि चंबूतून पुन्हा पानावर कशी गेली याचा. माझी एक तक्रार मी त्यांना तोंडीही सांगितली आहे. सार्वजनिक क्षेत्रातील एवढी मोठी प्रयोगशाळा पुढे का ओस पडली, तो कारखाना आजारी उद्योगांच्या यादीत का गेला, आणि हॅमायसिन जगाच्या बाजारात अॅम्फोटेरिसिनच्या मागे का राहिले, या प्रश्नांपाशी येऊन ते फार सभ्यपणे वळसा घालतात. त्यांचे म्हणणे असे की त्यासाठी कागदपत्रे हवीत आणि ती त्यांच्यापाशी नाहीत. उत्तर प्रामाणिक आहे. तरी कोणीतरी ती कागदपत्रे शोधावीत.

परिभाषेविषयी शेवटचा शब्द. लेखकांनी कोशातले संस्कृत प्रतिशब्द टाळून रोगांची शेतकऱ्यांच्या तोंडची नावेच वापरली आहेत आणि ग्रंथाच्या अखेरीस त्यांची सूची जोडली आहे. ती मी दोनदा वाचली. ‘काणी’ या शब्दाखाली ज्वारीच्या चार आणि उसाची चाबूक काणी अशा पाच नोंदी आहेत. आमच्या आईच्या तोंडी ‘काजळी’ असाही एक शब्द होता, तो तेथे नव्हता, तो मी मुद्रितांवर शाईने लिहून पाठविला आहे. आपल्या गावचा एखादा शब्द राहून गेला असल्यास वाचकांनीही तसेच करावे. दुसऱ्या आवृत्तीसाठी सूचीनंतर दोन पाने कोरी ठेवण्याची तजवीज लेखकांनी केली आहे.

टाळगाव चिखली, जि. पुणे